मातीची साक्ष : सर मॉर्टिमर व्हीलर यांचे स्मरण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लिखित पाठ)



संस्थेच्या वाटचालीत पन्नास वर्षांचा टप्पा आला म्हणजे मागे वळून पाहण्याचा प्रघात आहे. ज्यांनी पाया घातला, ज्यांनी तन-मन-धन वेचले, त्यांची नावे अशा प्रसंगी आदराने उच्चारली जातात आणि ते उचितच होय. तथापि स्मरण म्हणजे केवळ गुणगौरव नव्हे. दिवंगत व्यक्तीने मागे काय ठेवले, त्यातील टिकाऊ ते कोणते आणि काळाने बाजूस सारले ते कोणते, याची निर्मळ मनाने केलेली छाननी हेही स्मरणाचेच अंग आहे. असे स्मरण कसे करावे, याचा वस्तुपाठ ज्यांच्या चरित्रातून मिळतो, अशा एका व्यक्तीचा परिचय हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. ही व्यक्ती जैन नव्हती, भारतीयही नव्हती. पुरातत्त्वज्ञ सर मॉर्टिमर व्हीलर हे त्यांचे नाव. २२ जुलै १९७६ रोजी इंग्लंडमधील लेदरहेड येथे, ८५ वर्षांचे आयुष्य जगून ते निवर्तले. त्या घटनेला आता अर्धशतकाचा काळ लोटत आहे.

त्यांच्या निधनाची वार्ता आली तेव्हा ब्रिटनमध्ये हळहळणाऱ्यांत विद्वान होते, तसेच ज्यांनी आयुष्यात कधी पुरातत्त्वाचे पुस्तक उघडले नव्हते असे सामान्य लोकही होते. याचे कारण दूरचित्रवाणी. १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये बीबीसीवर ‘ॲनिमल, व्हेजिटेबल, मिनरल?’ या नावाचा कार्यक्रम सुरू झाला. कार्यक्रमाची कल्पना अगदी साधी होती. एखाद्या संग्रहालयातून काही वस्तू मागवायच्या, त्या तीन तज्ज्ञांपुढे ठेवायच्या आणि ही वस्तू कसली, कोठली, किती जुनी हे त्यांनी ओळखून दाखवायचे. केंब्रिजचे प्राध्यापक ग्लिन डॅनियल सूत्रसंचालन करीत. व्हीलर हे त्यातील सर्वांत गाजलेले तज्ज्ञ. भरघोस, पिळदार मिशा, लष्करी ताठा आणि खट्याळ विनोदबुद्धी ही त्यांची ओळख. हातात एखादे हाडूक किंवा खापराचा तुकडा घेऊन ते तो फिरवून-फिरवून पाहत. त्याची घडण, त्याची झीज, त्यावरील खुणा यांवरून तर्क बांधीत आणि बोलता-बोलता ती निर्जीव वस्तू घडविणारा, वापरणारा माणूस प्रेक्षकांपुढे उभा करीत. त्या काळी ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीची एकच वाहिनी होती. त्यामुळे ज्या घरी संच होता, त्या घरी व्हीलर पोहोचले. १९५४ साली ते वर्षातील सर्वोत्तम दूरचित्रवाणी व्यक्तिमत्त्व ठरले आणि पुढच्याच वर्षी हा मान ग्लिन डॅनियल यांच्याकडे गेला. नटनट्यांना आणि गायकांना मिळणारी लोकप्रियता दोन पुरातत्त्वज्ञांच्या वाट्याला लागोपाठ यावी, ही घटना पुरातत्त्वाच्या इतिहासात अपूर्वच म्हणावी लागेल.

१९५४ मध्येच ‘बरीड ट्रेझर’ ही दुसरी मालिका आली. डेन्मार्कमधील टोलुंड येथील दलदलीत १९५० साली सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचे शरीर जवळजवळ जसेच्या तसे सापडले होते. गळ्याभोवती चामड्याचा फास होता. पोटातील अन्नाचे अवशेषही टिकून होते आणि त्यांच्या तपासणीत जव, जवस व रानटी बिया यांची पेज आढळली. त्याच पद्धतीची पेज शिजवून व्हीलर आणि डॅनियल यांनी ती कॅमेऱ्यासमोर चाखली. हा माणूस फाशीने नव्हे, तर घरच्या स्वयंपाकाला कंटाळूनच मेला असावा, अशा अर्थाचा शेरा व्हीलर यांनी मारला आणि अवघा देश हसला. या प्रसंगाचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. ते अवशेष जपून ठेवलेले असल्यामुळे २०२१ मध्ये नव्या साधनांनी त्यांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा त्या पेजेबरोबर माशाचेही अंश आढळले. ७० वर्षांपूर्वीची माहिती खोटी नव्हती, परंतु अपुरी होती. ती पूर्ण करता आली, कारण पुरावा शिल्लक होता. व्हीलर यांच्या जीवनकार्याचे मर्म याच मुद्द्यात आहे.

रॉबर्ट एरिक मॉर्टिमर व्हीलर यांचा जन्म १० सप्टेंबर १८९० रोजी ग्लासगो येथे झाला. वडील पत्रकार होते, त्यामुळे नेमके आणि ठसठशीत लिहिण्याचा वारसा घरातूनच आला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी प्राचीन भाषा-साहित्याचे शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढून ‘मिलिटरी क्रॉस’ मिळविला. युद्धानंतर वेल्सचे राष्ट्रीय संग्रहालय आणि पुढे लंडन संग्रहालय येथे त्यांनी काम केले. पत्नी टेसा या त्यांच्या बरोबरीच्या पुरातत्त्वज्ञ होत्या. वेल्समधील रोमन ठाणी, व्हेरुलेमियम नगर, डॉर्सेट परगण्यातील मेडन कॅसल हा प्रचंड डोंगरी कोट, या सर्व उत्खननांत नोंदींची शिस्त आणि विद्यार्थ्यांचे शिक्षण यांचा मोठा भार टेसा यांनी उचलला. लंडन येथे पुरातत्त्वाचे स्वतंत्र अध्यापन करणारी संस्था उभी राहावी, हे दोघांचे स्वप्न. ती संस्था १९३७ मध्ये रीतसर खुली झाली, पण तत्पूर्वीच, १९३६ साली, टेसा यांचे निधन झाले होते. पुढे पडद्यावर जे कौतुक एकट्या व्हीलर यांच्या वाट्याला आले, त्यातील मोठा वाटा या विदुषीचा होता, हे नमूद केल्याविना हे स्मरण प्रामाणिक ठरणार नाही.

मेडन कॅसल येथील उत्खनन १९३४ ते १९३७ या काळात झाले. लोकांना ज्ञानात सामील करून घेण्याचा व्हीलर यांचा ध्यास तेथेच प्रथम ठळकपणे दिसला. उत्खनन पाहण्यासाठी लोकांनी यावे असे त्यांना वाटे. आलेल्यांना विद्यार्थी माहिती देत, चित्र-कार्डांची विक्री होई, वर्तमानपत्रांतून बातम्या येत. लोकांच्या पैशावर होणारे काम लोकांना समजले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. दूरचित्रवाणी पुढे १५-२० वर्षांनी आली, तिचा पाया असा आधीच घातला गेला होता.

याच मेडन कॅसलवर खणण्यासाठी एक भारतीय विद्यार्थी आला होता. गुजरातच्या पुरातत्त्वावर लंडन विद्यापीठात प्रबंध लिहिणारे हसमुख धीरजलाल सांकलिया ते हेच. १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले आणि पुढील चार दशके महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाचे ते आधारस्तंभ ठरले. नाशिक, जोर्वे, नेवासे, इनामगाव ही त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाजविलेली स्थळे. गावोगावच्या ‘पांढरीच्या टेकाडा’त आपला तीन-साडेतीन हजार वर्षांचा इतिहास थराथराने निजलेला आहे, हे मराठी माणसाला या कार्यामुळे कळले.

जैन समाजाने या परंपरेचे दोन धागे विशेष ध्यानात ठेवावेत असे आहेत. पुणे जिल्ह्यातील मावळात पाले गावानजीक एका लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक छोटा शिलालेख आहे. अरहंतांना नमन करून तो सुरू होतो आणि लेणे व पाण्याचे टाके खोदविल्याची नोंद करतो. डॉ. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो प्रसिद्ध केला आणि अक्षरवळणावरून त्याचा काळ इसवी सनापूर्वीचा ठरवून तो जैनांचा असल्याचे प्रतिपादन केले. महाराष्ट्रातील जैन परंपरेचा हा आजवरचा सर्वांत प्राचीन शिलालेख मानला जातो. दुसरा धागा डॉ. शां. भा. देव यांचा. नेवाशाच्या उत्खननात सांकलियांचे सहकारी असलेल्या देवांनी शिलालेख आणि वाङ्मय यांच्या आधारे जैन श्रमणसंघाचा इतिहास लिहिला. १९५६ साली प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ आजही अभ्यासक आधारास घेतात. खणती हाती धरणारा माणूसच आगमातील मुनिचर्येचा अभ्यास करतो, हा योग डेक्कन कॉलेजच्या वातावरणात घडून आला.

आता भारताकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिका आणि इटलीच्या रणभूमीवर असताना व्हीलर यांना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालकपद देऊ करण्यात आले. १९४४ मध्ये त्यांनी सूत्रे घेतली आणि १९४८ पर्यंत ती सांभाळली. स्वभाव करडा, बोलणे तिखट आणि शिस्त लष्करी. कचेरीत त्यांचा धाक होता आणि तो सर्वांनाच रुचला असे नाही. पण आल्याबरोबर त्यांनी जे पहिले मोठे काम हाती घेतले ते शिकविण्याचे. १९४४-४५ मध्ये तक्षशिला येथे त्यांनी प्रशिक्षणवर्ग भरविला. देशभरातून तरुण विद्यार्थी आणि अधिकारी तेथे जमले. ब्रजबासी लाल, बाळकृष्ण थापर, अमलानंद घोष यांच्यासारखी स्वतंत्र भारताच्या पुरातत्त्वाची धुरा वाहणारी पिढी त्यांच्या हाताखाली तयार झाली. यांपैकी लाल यांनी १९५० ते १९५२ मध्ये हस्तिनापूर येथे उत्खनन केले. शांतिनाथ, कुंथुनाथ आणि अरनाथ या तीन तीर्थंकरांची जन्मभूमी म्हणून हस्तिनापूर जैनांना वंदनीय आहे. त्या पुण्यभूमीच्या मातीचे थर प्रथमच शास्त्रशुद्ध रीतीने वाचले गेले, ते तक्षशिलेच्या त्या वर्गात घोटलेल्या पद्धतीने.

ही पद्धत कोणती, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. गावाचे टेकाड एकदम तयार होत नाही. घर पडते, त्यावर माती साचते, पुन्हा कोणी वस्ती करते, खड्डा खणते, चूल मांडते. असे शतकानुशतके थरावर थर चढत जातात. खालचा थर जुना, वरचा नवा, हा साधा नियम. परंतु जमीन कधी सपाट नसते. थर चढउतार करतात, मध्येच खड्ड्याने छेदले जातात. म्हणून वरून अमुक फूट खोलीवर वस्तू मिळाली एवढी नोंद पुरेशी नसते. ती कोणत्या थरात मिळाली, हे महत्त्वाचे. व्हीलर जागेचे समान चौकोन पाडीत आणि दोन चौकोनांमध्ये न खणलेल्या मातीची भिंत राखीत. त्या भिंतीच्या उभ्या अंगावर सर्व थर स्पष्ट दिसत, त्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावल्या जात, त्यांचे मोजून चित्र काढले जाई. प्रत्येक खापरावर त्याच्या थराचा क्रमांक लिहिला जाई. थरापासून तुटलेली वस्तू ही कितीही सुंदर असली तरी मुकी असते, असे या पद्धतीचे सार सांगता येईल.

यामागे एक नैतिक जाणीव होती. उत्खनन म्हणजे एका अर्थाने विनाश. ग्रंथाचे पान वाचून उलटावे आणि ते पान त्याच क्षणी जळून जावे, तसे हे आहे. खणलेला थर पुन्हा कोणालाही वाचता येत नाही. म्हणून जो खणतो त्याच्यावर अचूक नोंद ठेवण्याचे आणि ती त्वरेने प्रसिद्ध करण्याचे ऋण असते. व्हीलर यांनी ते ऋण मानले. १९४६ पासून ‘एन्शंट इंडिया’ हे नियतकालिक त्यांनी सुरू केले. १९४५ मध्ये पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथे उत्खनन झाले आणि त्याचा वृत्तान्त १९४६ मध्ये प्रसिद्धही झाला. इटलीतील आरेत्सो येथे घडलेली तांबडी खापरे तेथे मिळाली. त्या खापरांचा काळ युरोपात निश्चित झालेला असल्यामुळे दक्षिण भारताच्या प्राचीन कालगणनेला पहिला भक्कम खुंटा मिळाला. हडप्पा आणि कर्नाटकातील ब्रह्मगिरी येथील वृत्तान्तही असेच विनाविलंब आले.

सज्जनहो, जैन श्रोत्यांना हा विचार परका वाटू नये. श्रावकाचाराच्या ग्रंथांत टाळावयाची म्हणून जी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, त्यांत भूमी फोडण्या-खणण्याचा व्यवसाय, म्हणजे स्फोटकर्म, गणलेला आहे. पृथ्वीकाय जीवांची विराधना हे त्याचे कारण. पुरातत्त्वाचा जन्म या विचारातून झालेला नाही आणि व्हीलर यांना तो ठाऊक असण्याचे कारणही नाही. पण कुदळ मारण्यापूर्वी थांबावे, गरज असेल तेवढेच खणावे, जे खणले त्याचा पुरता हिशेब द्यावा, ही वृत्ती आणि आपल्याकडील यतना यांत साम्य दिसते. एकीकडे जीवाविषयी करुणा आहे, दुसरीकडे ज्ञानाविषयी उत्तरदायित्व. दोहोंत हाताला आवर आहे.

हा आवर नसला म्हणजे काय होते, याचे दुःखद उदाहरण जैन इतिहासातच आहे. मथुरेचे कंकाली टीले हे प्राचीन जैन स्तूपाचे स्थान. तेथे १८८८ ते १८९१ या काळात अलोइस फ्यूरर यांनी सरकारी उत्खनन केले. तीर्थंकर प्रतिमा, आयागपट, तोरणांचे भाग, लेख असलेल्या शिला अशा शेकडो वस्तू बाहेर निघाल्या. परंतु प्रत्येक वस्तू कोठे, कशाजवळ, कोणत्या थरात मिळाली, याची जी नोंद हवी होती ती झाली नाही. अखेर व्हिन्सेंट स्मिथ यांनी १९०१ मध्ये या अवशेषांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तो मुख्यतः फ्यूरर यांनी तयार करविलेल्या चित्रपटांच्या आधारे, कारण उत्खनन करणाऱ्याच्या हातचा वृत्तान्त उपलब्धच नव्हता. आज त्या मूर्ती संग्रहालयांत आहेत, त्यांवरील लेख वाचले गेले आहेत, त्यांतून गण, कुल, शाखा यांची माहिती मिळते. पण तो स्तूप टप्प्याटप्प्याने कसा वाढला, कोणती प्रतिमा कोणाच्या सान्निध्यात पूजली जात होती, या प्रश्नांची उत्तरे देणारी माती कायमची उधळली गेली. वस्तू वाचल्या, साक्ष गेली. व्हीलर यांच्या शिस्तीचे मोल कंकाली टील्याइतके दुसऱ्या कोणत्याही स्थळी जैनांना इतक्या तीव्रतेने कळणार नाही.

येथपर्यंत गौरव झाला. आता छाननी.

लोकप्रिय माणसाला गोष्ट सांगण्याचा मोह असतो आणि गोष्टीला ठसठशीत शेवट लागतो. व्हीलर यांनाही हा मोह आवरला नाही. मोहेंजोदडो येथे घरांत आणि गल्ल्यांत काही मानवी सांगाडे मिळाले होते. हडप्पाची तटबंदी १९४६ मध्ये उजेडात आणल्यानंतर व्हीलर यांनी या दोहोंची सांगड ऋग्वेदातील पुरे फोडणाऱ्या इंद्राशी घातली आणि आक्रमक आर्यांनी केलेल्या कत्तलीत त्या नगरांचा अंत झाला, असा निष्कर्ष १९४७ मध्ये मांडला. चित्र इतके जिवंत होते की ते पाठ्यपुस्तकांत गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. पुढे १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी मूळ नोंदी तपासल्या आणि दाखवून दिले की, ते सांगाडे एकाच वेळचे नाहीत, नगराच्या अंतिम लढाईचा पुरावा म्हणून ते उभे करता येत नाहीत. मानवशास्त्रज्ञ केनेथ केनेडी यांनी अस्थींचा अभ्यास केला, त्यातही सामूहिक हत्याकांडाला आधार मिळाला नाही. आर्यप्रश्नाचा वाद फार मोठा आहे आणि तो सोडविणे हा येथे हेतू नाही. परंतु इंद्रावर ठेवलेला तो आरोप टिकला नाही, एवढे निश्चित.

या चुकीचे मूळ पाहण्यासारखे आहे. ज्या सांगाड्यांवर व्हीलर यांनी निकाल दिला, त्यांतील बहुतेक त्यांनी स्वतः खणलेले नव्हते. ते पूर्वीच्या उत्खननांतील होते आणि त्या उत्खननांत थरांऐवजी एका ठरावीक पातळीपासूनच्या खोलीवर भर देऊन नोंदी केलेल्या होत्या. याच पद्धतीवर व्हीलर यांनी कडाडून टीका केलेली होती. ज्या पुराव्याची साक्ष अपुरी आहे हे त्यांना इतर कोणाहूनही अधिक ठाऊक होते, त्याच पुराव्यावर त्यांनी विश्वास टाकला. आपलाच नियम आपण विसरलो की थोर माणूसही घसरतो.

याच्या उलट मेडन कॅसलचे उदाहरण घ्यावे. कोटाच्या दारापाशी व्हीलर यांना प्रेते पुरलेली आढळली, काहींच्या हाडांवर शस्त्रांच्या जखमा होत्या. इसवी सन ४३ च्या सुमारास रोमन फौजेने कोट जिंकून केलेल्या संहाराचे हे स्मशान, अशी कथा त्यांनी रंगविली आणि ब्रिटनमधील शाळकरी मुलेही ती शिकली. येथेही शंका आल्या. परंतु येथे उत्खनन त्यांचे स्वतःचे होते, वृत्तान्त १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेला होता, अस्थी जपून ठेवलेल्या होत्या. त्यामुळे शंकांची तड लावता आली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्नमथ विद्यापीठातील संशोधकांच्या अभ्यासात कार्बन कालमापनाने दिसून आले की, ते मृत्यू एकाच दिवशी झालेले नाहीत. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दशकांपासून पहिल्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत, अनेक वर्षांच्या अंतराने, बहुधा स्थानिक संघर्षांतून ते घडले असावेत. अरिकमेडूलाही विमला बेगले यांनी १९८९ ते १९९२ या काळात पुन्हा उत्खनन करून तेथील वस्ती व्हीलर समजत होते त्याहून जुनी असल्याचे दाखविले.

दोन्हीकडे निष्कर्ष चुकले. पण जेथे नोंद नेमकी होती तेथे चूक सुधारणे सोपे गेले, तिला हाडे, क्रमांक आणि नकाशे यांची साक्ष मिळाली. जेथे नोंद अपुरी होती तेथे चूक दीर्घकाळ समाजमनात घट्ट रुजून राहिली. व्हीलर यांचा खरा वारसा कोणता, याचे उत्तर येथे मिळते. त्यांनी दिलेले निकाल हा त्यांचा वारसा नव्हे. आपल्या पश्चात कोणालाही आपल्याला खोडून काढता यावे इतका स्वच्छ पुरावा मागे ठेवण्याची शिकवण, हा तो वारसा. अनेकान्ताचा संस्कार ज्या समाजावर आहे, त्याला यातील थोरवी सांगण्याची गरज नाही. आपले कथन एका अपेक्षेने सत्य आहे, दुसऱ्या अपेक्षेने त्याची पुन्हा तपासणी होऊ शकते, हे मान्य करणारा माणूसच नोंद जपतो. ज्याला आपला शब्द अंतिम वाटतो, त्याला नोंदींचे काय प्रयोजन?

दूरचित्रवाणीवरील त्या कार्यक्रमाविषयीही हेच म्हणता येईल. १९५९ मध्ये तो बंद झाला. महाराष्ट्रात दूरचित्रवाणी आली ती १९७२ साली, मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हा. त्यामुळे मराठी माणसाने व्हीलर यांना पडद्यावर बहुधा पाहिलेच नाही. त्याला ते भेटले सांकलियांच्या लेखनातून आणि नेवाशाच्या पांढरीवर ठेवलेल्या शिस्तीतून. मिशा आणि विनोद यांवर लोकांनी प्रेम केले. ते प्रेम खोटे नव्हते, त्याने हजारो घरांत इतिहासाची गोडी निर्माण केली. परंतु त्या प्रेमापलीकडे उरले ते चौकोन, थर आणि क्रमांकाच्या चिठ्ठ्या.

आता या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक निवेदन. आजच्या काळात जैन समाजात जीर्णोद्धाराचे कार्य मोठ्या प्रमाणावर चालू आहे. जुनी मंदिरे उतरविली जातात, नवी शिखरे उभी राहतात, संगमरवर येतो. हे भक्तीचे कार्य आहे आणि दात्यांची भावना वंदनीय आहे. परंतु जीर्णोद्धार हेही एका परीने उत्खननच असते, कारण जे एकदा उतरविले ते पुन्हा पूर्ववत् होत नाही. धातूच्या प्रतिमांच्या पाठीवर संवत, मूलसंघ वा गच्छ, भट्टारकांची वा आचार्यांची नावे, दात्याचे कुल आणि गाव कोरलेले असते. घासून-पुसून उजळविताना ती अक्षरे झिजतात. चौकटीवरील लेखावर रंगाचे हात चढतात. जुन्या पायरीची शिला नव्या भिंतीत उलटी बसविली जाते. नागपूरचे डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांनी असेच मूर्तिलेख आणि ग्रंथप्रशस्ती गोळा करून ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि तो १९५८ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून प्रकाशित झाला. त्या लेखांपैकी एखादा जर आधीच घासला गेला असता, तर एका पट्टपरंपरेतील एक नाव कायमचे नाहीसे झाले असते.

म्हणून अपेक्षा फार मोठी नाही. ज्या मंदिराचे काम काढावयाचे, त्याचे प्रथम सर्व बाजूंनी छायाचित्रण व्हावे. मोजमापासह नकाशा काढावा. प्रत्येक प्रतिमा कोठे विराजमान होती त्याची नोंद व्हावी. प्रत्येक लेखाचा ठसा आणि वाचन जाणकाराकडून करून घ्यावे. पायात काही प्राचीन अवशेष निघाले तर काम थांबवून पुरातत्त्व विभागास कळवावे. आणि ही सर्व नोंद मंदिराच्या पेढीतील कपाटात बंद न राहता प्रसिद्ध व्हावी. पूर्वजांनी शास्त्रभांडारे राखली, ताडपत्रे वेष्टनांत बांधून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. लिहिलेले जपण्याची ही बुद्धी दगडावर आणि धातूवर लिहिलेल्यालाही लागू व्हावी, एवढेच. यासाठी लागणारा खर्च एका शिखराच्या खर्चाच्या मानाने अल्प आहे आणि त्याचे पुण्य मात्र शिखराहून कमी नाही.

पन्नास वर्षांनंतर, शताब्दीच्या दिवशी, या संस्थेचा इतिहास लिहिणारा कोणी तरुण आजच्या पिढीचे कागद उघडून बसेल. आजच्या पिढीने जे निर्णय घेतले ते सर्वच त्याला पटतील असे नव्हे. काही त्याला चुकीचेही वाटतील. ते चुकीचे का होते, हे त्याला पुराव्यानिशी सांगता आले, तर आजच्या पिढीने आपले कर्तव्य केले असे समजावे.